कुलदैवतासमोरून गेलेलं गलबत

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. दर्शनाचा इथला क्रम असाच आहे. तो पाळा आणि प्रदक्षिणेच्या पायऱ्या चढा. माथ्यावर पोचलात की वाट एकदम खाली वळते. दोन्ही अंगांना उभा कातळ, मधे अरुंद चीर आणि चिरेच्या तोंडाशी समुद्र. पुढची वाट पाण्याच्या कडेने, खडकांवरून जाते. ओहोटी असेल तरच पाऊल टाका. भरतीची लाट इथून माणूस ओढून नेते.

आज ओहोटी आहे. लाटांनी पोखरलेल्या खडकाला जाळी पडली आहे आणि तिच्या खळग्यांत पाणी साचलं आहे. पाठ डोंगराला लावून पश्चिमेकडे तोंड करा. तुमच्या डाव्या हाताला सावित्री समुद्राला मिळते. तिच्यापलीकडच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. उजव्या हाताला किनारा श्रीवर्धनकडे जातो.

ज्याची बदनामी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, अशा एका वारसाला भेटायला तुम्ही आला आहात. अकरा लग्नं, नाचरंग, देवभोळेपणा, पळ आणि शेवटी राज्य घालवणं, इतक्या शब्दांत त्याचं आयुष्य आपण उरकतो. तो दुसरा बाजीराव. हे त्याच्या घराण्याचं कुलदैवत आणि त्याच्या आयुष्यातला सर्वांत महागात पडलेला प्रवास याच खडकासमोरून झाला. तो पाहायचा असेल तर त्याच्या जन्माच्याही आधी जावं लागेल.

डोळे मिटा. मोटारींचे आवाज थांबू द्या. बागमांडल्याहून वेश्वीला गाड्या नेणारी फेरीबोट खाडीतून जाऊ द्या.

१७२३

डोळे उघडा. छिन्नीचे घाव ऐकू येताहेत. हरिहरेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार चालला आहे. तो करवणारा पेशवा तेविशीच्या आसपासचा आहे. थोरले बाजीराव. तीन वर्षांपूर्वी, १७२० साली, वडील बाळाजी विश्वनाथ यांच्या मृत्यूनंतर छत्रपती शाहूंनी त्यांना पेशवेपद दिलं.

हे घराणं मूळचं कुणाचं, ते इथल्या वाऱ्यावर तुम्हाला नीट उमगेल. उत्तरेला श्रीवर्धन आहे. तिथली देशमुखी भटांची. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथांनी गाव सोडून घाट गाठला. वतन मागे पडलं, दैवत मागे पडलं. साताऱ्याला चाकरी धरली आणि कारकुनीतून चढत ते पेशवे झाले. या देवळाच्या दगडांत त्या घराण्याची कृतज्ञता आहे. इथून रिकाम्या हातांनी निघालेल्याच्या मुलाने देवाला विसरलेलो नाही, हे दगडात सांगून ठेवलं आहे.

हा पहिला बाजीराव नीट पाहून ठेवा. बावन्न वर्षांनी एका बाळाला त्याचं नाव ठेवलं जाणार आहे.

१७५६

खडक तोच, लाटाही त्याच. फक्त डावीकडे बाणकोटवर पाहा. तिथलं निशाण बदललं आहे. पेशव्यांनी आणि इंग्रजांनी मिळून मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार मोडलं आणि त्यानंतरच्या तहात नानासाहेब पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना कायमचा दिला. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया.

आपलं आरमार मोडायला परक्याचं आरमार बोलावायचं आणि मोबदल्यात खाडीचं तोंड द्यायचं, हा व्यवहार या घराण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या जन्माआधी एकोणीस वर्षं झाला. करणारे होते त्याचे सख्खे चुलते. वसईच्या तहासाठी आपण एकट्या पुतण्याला धारेवर धरतो, तेव्हा कुलदैवताच्या अंगणातून दिसणारं हे निशाण लक्षात ठेवा.

१७७५ ते १७९५

आता समुद्र सोडा. तुम्ही माळव्यात, धारच्या किल्ल्यात आहात. १० जानेवारी १७७५. आनंदीबाईंना मुलगा झाला आहे. बाप रघुनाथराव इथे नाही. पुतण्या नारायणराव पेशवा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारला गेला. त्या खुनाचा ठपका घेऊन रघुनाथराव गुजरातेत इंग्रजांची मदत मागत फिरतो आहे. बाळाच्या कानात आजोबांचं नाव सांगितलं जातं आणि बारशाच्या दिवसापासून ते मूल दोन ओझी वाहू लागतं. एक आजोबांच्या कीर्तीचं, दुसरं बापाच्या पापाचं.

त्याच्याबरोबर वाढून पाहा. तो आठ वर्षांचा असताना, डिसेंबर १७८३ मध्ये, कोपरगावला वडील जातात. आई पोटुशी आहे; धाकट्या चिमाजीचा जन्म बापाच्या मागे होतो. दारावर चौकी कायमची आहे. पुढे नाशिकजवळ आनंदवल्ली, तिथेही चौकी. १७९४ मध्ये आई जाते आणि तिन्ही भाऊ, म्हणजे दत्तक थोरला अमृतराव, बाजीराव आणि चिमाजी, जुन्नरला शिवनेरीवर हलवले जातात. शिवाजी महाराजांच्या जन्माचा किल्ला या मुलांसाठी तुरुंग होतो.

त्याला काय शिकवलं जातं? संस्कृत, धर्मशास्त्र, घोड्यावर बसणं, तिरंदाजी. तो देखणा आहे, बोलायला गोड आहे. भेटेल त्याला वाटतं, किती गुणी मुलगा! फौजेचा तळ त्याने पाहिलेला नाही. दप्तर त्याच्यापुढे कुणी उघडलेलं नाही. बरोबरीच्या माणसाशी मोकळेपणी मैत्रीही त्याला करता आलेली नाही.

एकदा त्याने करून पाहिली. पुण्यात सवाई माधवराव गादीवर आहेत, नारायणरावांचे पुत्र. नात्याने बाजीराव त्यांचा काका, वयाने मात्र नऊ महिन्यांनी लहान. दोघांच्या गुप्त चिठ्ठ्या सुरू झाल्या. एक किल्ल्यात कैदी, दुसरा वाड्यात कारभारी नाना फडणीसांच्या नजरेखाली. मारणाऱ्याचा मुलगा आणि मारल्या गेलेल्याचा मुलगा एकमेकांना जवळ करू पाहत होते. नानांना सुगावा लागला. पत्र नेणाऱ्याला शिक्षा झाली, पहारे वाढले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले.

शिवनेरीवरच्या वीस वर्षांच्या मुलाशेजारी बसा. बातमी त्याला कळते. ज्याला मनातलं लिहिलं तो गेला. मोकळं बोललेलं पत्र शत्रूच्या हाती पडतं, हा धडा त्याने गिरवला आणि आयुष्यभर विसरला नाही.

१७९६ ते १८०१

पुणे. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा होतो. तुम्ही बुधवार पेठेत एखाद्या ओसरीवर टेका, कारण वाड्यात जे ठरतं त्याचं मोल पेठेत मोजलं जातं.

गादीसाठी त्याने दौलतराव शिंद्यांना पैसे कबूल केले आहेत, दोन कोटींच्या घरात. खजिना रिकामा आहे. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना फडणीसांना भेटीला बोलावून शिंद्यांच्या छावणीत कैद केलं जातं. मग १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे वसुलीला निघतात. पेशव्याची त्याला संमती आहे.

आता ओसरीवर बसवत नाही. सावकारांच्या घरांचे दरवाजे फोडले जाताहेत. पुरलेलं सोनं दाखवा म्हणून माणसांना चाबकाने फोडून काढलं जातंय, तापवलेल्या तोफांना बांधलं जातंय. ज्या शहराच्या रक्षणासाठी पेशवा आहे, ते शहर त्याने आपलं कर्ज फेडायला दिलं. वाड्यातल्या नाचरंगाच्या शंभर गोष्टी एका पारड्यात टाका आणि हा एक हुकूम दुसऱ्या पारड्यात. काटा कुठे झुकतो, ते तुमचं तुम्ही पाहा.

एप्रिल १८०१. वाड्यासमोर गर्दी आहे. बंडखोरीबद्दल पकडलेल्या विठोजी होळकराला हत्तीच्या पायाला बांधलं आहे. पेशवा वरून पाहतो आहे. विठोजी हा यशवंतराव होळकरांचा भाऊ. कैद करता आली असती, माफीच्या मोबदल्यात होळकर बांधून घेता आले असते. बाजीरावाने बापाच्या काळापासूनचे हिशेब काढले. शांत डोक्याने वैरी जोडण्याची कला त्याला कुणी शिकवली नव्हती.

ऑक्टोबर ते डिसेंबर १८०२

दिवाळीचे दिवस. २५ ऑक्टोबरला हडपसरच्या रानात यशवंतराव होळकर शिंदे-पेशव्यांच्या फौजेला धूळ चारतात. तोफांचे आवाज शहरात ऐकू येतात. बाजीराव सिंहगडाकडे निघतो आणि निघतानाच इंग्रजांच्या वकिलाला, कर्नल बॅरी क्लोजला, कराराचं कबुलीपत्र पाठवतो. मग रायगड, मग महाड.

महाडला तुम्ही त्याच्या तळावर थांबा. यशवंतराव परत या म्हणून निरोप धाडतात. बाजीराव जात नाही. गोड निरोपामागे चौकी असते, हे त्याने लहानपणापासून पाहिलं आहे. याच मुक्कामात एक जासूद पुण्याला पत्र नेऊन विलक्षण वेगाने उत्तर आणतो आणि धन्याच्या नजरेत भरतो. त्रिंबकजी डेंगळे. चेहरा ओळखून ठेवा. ज्याने लहानपणापासून कुणावर भरवसा ठेवला नाही, तो आता एकाच माणसावर सगळा भार टाकणार आहे.

होळकरांची माणसं मागावर आहेत. बाजीराव हर्णैच्या सुवर्णदुर्गाकडे सरकतो. इंग्रजांना जहाज मागितलं आहे.

आता परत या. हरिहरेश्वरचा खडक, ओहोटी, डिसेंबरातलं शांत पाणी. तुमच्या शेजारी एक म्हातारा कोळी कालवं फोडतो आहे. हर्णैकडून एक मोठं जहाज येताना दिसतं.

“कोणाचं, बाबा?” तुम्ही विचारता.

“टोपीकराचं. आत श्रीमंत हायेत म्हनतात.”

तो हात थांबवून पाहतो. वर देवळात घंटा वाजते. जहाज बाणकोटसमोरून पुढे येतं, फोर्ट व्हिक्टोरियावरचं इंग्रजी निशाण उजवीकडे टाकून. मग उजवीकडेच येतो हरिहरेश्वरचा डोंगर, थोरल्या बाजीरावांनी दुरुस्त करवलेलं देऊळ, पुढे श्रीवर्धन, जिथून पणजोबा निघाले होते. भट घराण्याच्या चार पिढ्यांचा सगळा प्रवास जहाजाच्या एकाच अंगाला, काही कोसांत मांडलेला आहे. सत्तावीस वर्षांचा वारस त्या जहाजात आहे आणि रेवदंड्यावरून वसईकडे निघाला आहे.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल, की उतरा, परत फिरा, होळकरांशी बोला. ओरडून उपयोग नाही. ज्या मुलाला वीस वर्षं आपल्याच माणसांनी कोंडलं, त्याला परक्याचं जहाज सुरक्षित वाटणारच. त्याच्या बापालाही तसंच वाटलं होतं.

३१ डिसेंबर १८०२. वसईचा तह. पेशव्याने किमान सहा हजार कवायती शिपायांची इंग्रज फौज कायम पदरी ठेवायची, खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी तह किंवा लढाई करायची नाही. त्याचे चुलत आजोबा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जी वसई पोर्तुगीजांकडून घेतली, तिथेच हे लिहिलं गेलं.

१८०३ ते १८१५

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या सोबतीने पुण्यात परततो. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी मुलूख ओरबाडला आहे, त्यात दुष्काळ. रस्त्यांच्या कडेला माणसं मरून पडली आहेत.

पुढची वर्षं म्हणजे त्याच्या बदनामीचा सुकाळ. १८०७ च्या सुमारास विश्रामबाग वाडा उभा राहतो. पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात दक्षिणेसाठी ब्राह्मणांच्या रांगा लागतात, लाखो रुपये वाटले जातात. आणि वाड्यात सरदारांच्या, आश्रितांच्या घरच्या बायकांना बोलावणी जातात. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे सगळं लिहून ठेवलं. तो जिंकणाऱ्यांचा अधिकारी होता. राज्य घेणाऱ्याला, आपण घेतलं ते बरंच झालं, असं दाखवायचं असतं. त्याचं वाचताना ही सावधगिरी ठेवा. म्हणून सगळंच खोटं ठरत नाही. १८१४ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील म्हणून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात आले. पेशव्याच्या मेहुणीशी शास्त्र्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. पुढे शास्त्र्यांनी लग्न मोडलं आणि आपल्या पत्नीला वाड्यात पाठवायला नकार दिला. जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला, विठ्ठलाचं दर्शन घेऊन परतताना, त्यांचा खून झाला. ठपका आला त्रिंबकजी डेंगळ्यांवर.

पंढरपूरच्या त्या अंधाऱ्या वाटेवर क्षणभर उभे राहा आणि ज्या बायकांना “नाही” म्हणता आलं नाही त्यांचा विचार करा. बाजीरावाच्या नादिष्टपणाच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो, पण त्या बोलावण्यांमागच्या एकाही घरात डोकावत नाही. धनी बोलावतो आणि नवऱ्याची जहागीर त्याच्या शब्दावर टिकून असते, तिथे होकाराला अर्थ नसतो. ती रंगेलपणाची कहाणी म्हणून सांगणं हाच त्या बायकांवर दुसरा अन्याय आहे.

आता मी तुम्हाला जिथे न्यायचं ठरवलं होतं तिथे चला. वाड्याच्या शयनगृहापासून दूर, दप्तरात. इथे आरडाओरडा नाही, रक्त नाही. मामलती मक्त्याने दिल्या जाताहेत. थोरल्या माधवरावांच्या आणि नानांच्या कारभारात मामलेदार निवडून नेमला जाई, उत्पन्नाचा अजमास काढला जाई, हिशेब तपासला जाई, रयतेची दाद लागे. आता जो जास्त देईल त्याला परगणा. वर्ष भरायच्या आत दुसरा चढी बोली घेऊन आला तर पहिला बाजूला. त्यामुळे पहिला जमेल तेवढं लवकर ओरबाडतो. तो पोटमक्ता देतो, पोटमक्तेदार गावापर्यंत पोचतो आणि शेवटी पाटील कुणब्याच्या खळ्यावर येऊन उभा राहतो. तक्रार करायची कुणाकडे? ज्याने लुटायचं त्यालाच न्याय करायचा अधिकार विकलेला आहे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ही पद्धत तपशिलाने नोंदवली आहे.

बाजीरावाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं लफडं हे आहे. त्यात बाई नाही, नाच नाही, म्हणून ते कुणी तमाशात गायलं नाही.

१८१७ ते १८५१

शेवटचा टप्पा भरभर पार करू. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई. बाजीराव पर्वतीवरून पाहतो. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडतात. पेशवा तिथूनही निसटतो. ३ जून १८१८ला तो इंग्रज अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन होतो. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरते आणि गंगेकाठी, कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला बिऱ्हाड पडतं.

माल्कमला वाटलं, हा फार दिवस जगणार नाही. तो बत्तीस वर्षं जगला, २८ जानेवारी १८५१ पर्यंत. स्नानसंध्या, दानधर्म आणि आणखी लग्नं यांत दिवस गेले. १८२७ मध्ये दत्तक घेतलेले धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब, त्याच्या मागे पेन्शनला मुकले आणि १८५७ मध्ये इंग्रजांवर उठले.

ब्रह्मावर्ताच्या घाटावर बसलेल्या या म्हाताऱ्याकडे पाहताना तुम्हाला दया येईल. येऊ द्या. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’ ही कादंबरी लिहिताना याच माणसाला समजून घेतलं. कैदेत वाढलेल्या मुलाचं मन भित्रं, संशयी आणि सुखाला हपापलेलं झालं, यात त्याचा दोष थोडा. दोष वाटायचा तर तो मुलाला आयुष्यभर बापाची शिक्षा भोगायला लावणाऱ्या मोठ्यांना द्या, नाना फडणीसांसारख्या कर्तबगार माणसालाही द्या. वारसाला कोंडून ठेवलं की गादी सुरक्षित राहते, हा त्यांचा हिशेब होता. वारस शेवटी गादीवर बसतोच, हे त्या हिशेबात धरलं नव्हतं.

पण दयेने तोफांना बांधलेल्या माणसांचे चटके भरून येत नाहीत आणि कुणब्याचं खळं परत भरत नाही. कोंडलेलं बालपण बाजीरावाची भीती समजावतं. मामलतीच्या लिलावांवर त्याने वर्षानुवर्षं शांतपणे शिक्के उठवले, ते मात्र भीतीने होत नाही. तिथे तो मोठा होता, मोकळा होता आणि त्याला कळत होतं.

म्हणून बड्या घरच्या मुलाची बदनामी कानावर येईल तेव्हा, ती पेशव्यांच्या काळची असो की आजच्या छापील पानावरची, पहिला प्रश्न तो कुणाबरोबर दिसला हा नसावा. विचारा, त्याच्या हातात काय होतं आणि ते त्याने कितीला विकलं. त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारा. आणि घर तुमचं असेल, वारस तुमचा असेल, तर त्याला लहानपणीच दप्तर उघडून दाखवा, रयतेत हिंडवा, चुकला तर मोकळेपणी सांगता येईल एवढा विश्वास द्या. पेशव्यांच्या घराने एका मुलाला हे दिलं नाही. त्याचा भुर्दंड सगळ्या महाराष्ट्राने भरला.